रानपिंगळ्याची चिठ्ठी

पहाटेच्या काळोखात एका हाती कंदील आणि दुसऱ्या हाती कुडमुडे घेऊन दारोदार फिरणारा पिंगळा जोशी आता फारसा दिसत नाही. एके काळी महाराष्ट्रातील खेड्यांत त्याची मोठी चलती होती. पिंगळा नावाच्या पक्ष्याची भाषा या जोशाला अवगत असते, रात्री झाडावरून तो पक्षी जे बोलतो त्याचाच अर्थ हा पहाटे घरधन्याला सांगतो, अशी लोकांची समजूत होती. भाकीत खरे ठरो वा न ठरो, सुपातून पसाभर धान्य त्याच्या झोळीत पडल्यावाचून राहत नसे.

ज्या पक्ष्यावर या जोशाचा चरितार्थ चाले, तो पिंगळा मात्र अजूनही जागोजाग आहे. मुठीएवढा देह, अंगभर पांढरे ठिपके, मोठे पिवळे डोळे. जुन्या वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत, कधी भर शहरातील रेन ट्रीवर त्याची जोडी राहते आणि तिन्हीसांजेला भांडल्यासारखा कलकलाट करते. याच्याच एका सोयऱ्याची हकिकत येथे सांगावयाची आहे. त्याला म्हणतात रानपिंगळा. जोशाचा पिंगळा रोज रात्री बोलत होता. रानपिंगळ्याचे मात्र एक अक्षरही कोणा पक्षिशास्त्रज्ञाने एकशे तेरा वर्षांत ऐकले नव्हते. तो या पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झाला असावा, असे बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकले होते. तो नाहीसा का वाटला आणि परत कसा सापडला, हे पाहू लागले म्हणजे असे दिसते की या कथेत रानापेक्षा कपाटाचा आणि पक्ष्यापेक्षा कागदाचा भाग अधिक आहे.

कथेचा आरंभ होतो तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यापासून. हे नाव आपल्याला परिचित आहे ते राष्ट्रीय सभेमुळे. १८८५ साली मुंबईत सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे या गृहस्थांची खटपट होती. पण त्यापूर्वीची अनेक वर्षे ह्यूम साहेबांना वेड होते ते पक्ष्यांचे. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी देशभर संग्राहकांचे जाळे विणले होते. कोणी रेल्वेवर, कोणी जंगल खात्यात, कोणी जमाबंदीच्या कामावर. जो तो आपापल्या मुलखातील पक्षी मारून, सोलून, वाळवून सिमल्यास त्यांच्याकडे पाठवी. हे सारे प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ या नावाचे स्वतःचे नियतकालिकच काढले होते. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या संग्राहकाने आजच्या छत्तीसगडातील बसना–फुलझर भागात एक लहान घुबड मारले आणि ते ह्यूमकडे धाडले. ह्यूमने ते निरखून पाहिले. नेहमीच्या पिंगळ्याहून ते वेगळे होते. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, डोके आणि चोच थोराड, पाय भक्कम आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले, पोटाचा मध्यभाग निखळ पांढरा. त्याने १८७३ साली या पक्ष्याचे नामकरण केले: हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. ग्रीक भाषेतील या नावाचा पहिला शब्द म्हणजे ‘वेगळे घुबड’, आणि दुसरा त्या धाडणाऱ्याची आठवण.

येथे जरा थांबून शास्त्रीय नमुना म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी भानगड त्यावर उभी आहे. दिवाणखान्यात मांडलेला पेंढा भरलेला गरुड आणि संग्रहालयातील नमुना यांत फार अंतर आहे. संग्रहालयातला पक्षी पंख मिटून, उताणा, कपाटाच्या खणात झोपलेला असतो. आतले मांस काढून टाकलेले असते, त्या जागी कापूस असतो, डोळ्यांच्या जागीही कापूसच. त्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. कोणी मारला, कोठे मारला, कोणत्या दिवशी मारला, नर की मादी, एवढे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. ही चिठ्ठी गळून पडली की त्या पक्ष्याची शास्त्रीय किंमत जवळजवळ शून्य होते. उरते ते केवळ एक वाळके कातडे. आणि चिठ्ठी गळून न पडता खोटीच असली तर? मग ते कातडे निरुपयोगी होऊन थांबत नाही, ते वाट चुकवू लागते. ज्या देशात तो पक्षी नव्हता तेथे तो होता असे नकाशात लिहिले जाते, नकाशावरून ग्रंथात जाते, आणि ग्रंथावरून पुढच्या पिढ्या शोध घेत हिंडतात.

ब्लेविटनंतर पाच वर्षांनी, १८७७ साली, व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशातील खरियार संस्थानात आणखी एक रानपिंगळा मिळाला. त्यानंतर एकदम पश्चिमेकडे, शेकडो मैल दूर, पश्चिम खानदेशात. जेम्स डेव्हिडसन नावाचे एक सनदी अधिकारी त्या काळी तेथे कामावर होते आणि फावल्या वेळात पक्षी जमवीत. त्यांना १८८० ते १८८४ या अवधीत तळोदे आणि शहादे यांच्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याशी, हे घुबड पुनःपुन्हा मिळाले. डेव्हिडसन काही कसबी कारागीर नव्हते. कातडी काढणे, कापूस भरणे, टाके घालणे, हे सारे ते आपल्या हौशी पद्धतीने करीत आणि त्यांच्या हातचे पक्षी ओळखू येत. ही गोष्ट तेव्हा कोणाला महत्त्वाची वाटली नसेल. शंभर वर्षांनी ती पुराव्याला येणार होती.

इकडे ह्यूम साहेबांवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. ते सिमल्याबाहेर असताना घरातील कोणा नोकराने त्यांच्या पक्षिविषयक ग्रंथाच्या हस्तलिखितांचे गठ्ठे बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. पंचवीस वर्षांचे टिपण पुड्या बांधण्याच्या कामी गेले! ह्यूमचे मन या विषयावरून उडाले. त्यांनी १८८५ साली आपला प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पुढे राजकारणाकडे वळले. रद्दीवाल्याच्या तराजूचे राष्ट्रीय सभेवर कितपत उपकार आहेत, याचा विचार इतिहासकारांनी करावा.

१८८४ नंतर रानपिंगळ्याचे नाव फक्त ग्रंथांत राहिले. मधल्या काळात जंगले तुटली, रेल्वे आली, सातपुड्याच्या उतारावर शेती चढत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांनी या घुबडाचा पाठपुरावा केला. भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारी ही जोडी. त्यांच्यासारख्यांच्या डोळ्यांतून काही निसटले असेल असे सहसा कोणी म्हणणार नाही. पण रानपिंगळा त्यांना मिळाला नाही. अधूनमधून कोणी तो पाहिल्याचे कळवी, एखादे छायाचित्रही येई. नीट तपासले की ठिपके मोजता येत आणि तो आपला नेहमीचा, जोशाचा पिंगळा निघे.

शोधणाऱ्यांच्या हाती खाणाखुणा तरी कोणत्या होत्या? जगातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने. एक ब्लेविटचा, एक बॉलचा, चार डेव्हिडसनचे आणि एक सर्वांत अलीकडचा, १९१४ सालचा. हा शेवटचा नमुना गुजरातेत तापीकाठच्या मांडवी गावाजवळ मिळाल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. हरवलेल्या माणसाचा तपास करताना तो शेवटी कोठे दिसला, हे आधी विचारतात. त्यामुळे मांडवीकडे लक्ष जाणे अगदी स्वाभाविक होते. शिवाय या चिठ्ठीवर ज्याचे नाव होते तो माणूस काही ऐरागैरा नव्हता.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन, जन्म १८७८, मृत्यू १९६७. लष्करी अधिकारी, हेर, शिकारी, रोजनिशीकार आणि त्या काळच्या इंग्रज पक्षितज्ज्ञांत अग्रगण्य. १९०४ साली आफ्रिकेच्या अरण्यातील एक प्रचंड रानडुक्कर शास्त्राला प्रथम माहीत झाले ते याच्यामुळे, आणि त्याला याचेच नाव देण्यात आले. १९३७ साली तो अफगाणिस्तानात पक्षी पाहण्यास गेला तेव्हा डॉ. सालिम अली बरोबर होते. त्याच सफरीच्या वर्षी त्याने अफगाणिस्तानातील एका हिमचिमणीचे वर्णन प्रसिद्ध केले. तो पक्षी खरा आहे, आजही तेथे राहतो. माइनर्ट्‌झहागनला पक्षी कळत नव्हते असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही, आणि म्हणूनच पुढची गोष्ट उमगण्यास कठीण जाते. त्याने वीस हजारांच्या आसपास पक्ष्यांचा संग्रह केला आणि १९५४ साली तो लंडनच्या संग्रहालयाच्या स्वाधीन केला. देणगीदार म्हणून त्याचा गौरव झाला. संग्रहालयातील काही जुन्या कर्मचाऱ्यांच्या मनात मात्र या देणगीविषयी वेगळीच शंका होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या दिवसांत पक्ष्यांच्या दालनातून परवानगीवाचून नमुने नेल्याबद्दल याच सद्‌गृहस्थाला दीड वर्ष तेथे प्रवेशबंदी झाली होती. वजनदार माणसांनी रदबदली केली आणि दार पुन्हा उघडले. कुजबुज चालू राहिली. पण मोठ्या माणसाविषयी कुजबुजण्यापलीकडे जाण्याचे धैर्य किती जणांना असते? तो जिवंत होता तोवर कोणी गेले नाही, आणि मेल्यावरही सव्वीस वर्षे गेली. १९९३ साली ॲलन नॉक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने रेडपोल नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांची माइनर्ट्‌झहागनच्या संग्रहातील कातडी तपासून, त्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे छापून सांगितले.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन या विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांचा एक मोठा ग्रंथ रचण्याच्या कामात होत्या. हे काम डिलन रिप्ले यांनी सुरू केले होते आणि पुढे ते रासमुसेनबाईंकडे आले. ग्रंथासाठी प्रत्येक जातीचे नकाशे काढावयाचे, आणि नकाशे काढावयाचे तर प्रत्येक जुनी नोंद पारखून घ्यावयाची. माइनर्ट्‌झहागनच्या नोंदी आल्या की नकाशे बिघडत. हिवाळ्यातच येणारा पक्षी उन्हाळ्यात मिळाल्याचे दिसे, डोंगरातला मैदानात. एका माणसालाच सर्व नवले कशी सापडतात, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यांनी नायजेल कोलर या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाच्या साहाय्याने रानपिंगळ्याचा तो १९१४ चा नमुना हाती घेतला.

वरून पाहता तो नमुना व्यवस्थित होता, फार व्यवस्थित. क्ष-किरणांखाली धरल्यावर आतील हकिकत दिसू लागली. या पक्ष्याची शिवण एकदा उसवून पुन्हा घातलेली होती. आतला जुना कापूस बराचसा काढून नवा भरला होता. पण जो कोणी हे करीत होता त्याला जुन्या कारागिराची प्रत्येक खूण पुसता आली नव्हती. कातडी काढण्याची आणि भरण्याची जी ढब डेव्हिडसनच्या हातच्या घुबडांत दिसते, तीच या घुबडात उरलेली होती. काही धागे जुन्या कापसाचे राहून गेले होते. ते धागे अमेरिकेच्या फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनच्या प्रयोगशाळेत गेले, जेथे एरवी खुनी आणि दरोडेखोर यांच्या कपड्यांचे धागे तपासले जातात. डेव्हिडसनच्या नमुन्यांतील कापसाशी ते जुळले. खानदेश हा कापसाचा मुलूख. तेथल्या पक्ष्याच्या चोरीची साक्षही कापसानेच द्यावी, हा योगायोग ध्यानात राहण्याजोगा आहे.

उलगडा झाला तो असा. मांडवीचा पक्षी मांडवीचा नव्हताच. तो डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात मारलेला पाचवा रानपिंगळा होता. लंडनच्या संग्रहालयातून तो नाहीसा झाला, उसवला गेला, नव्याने शिवला गेला, त्याच्या पायाला नवी चिठ्ठी बांधली गेली आणि अनेक वर्षांनी तोच नमुना मोठ्या सन्मानाने त्याच संग्रहालयाला भेट म्हणून परत आला. हा सारा पुरावा १९९९ साली ‘आयबिस’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असा उद्योग त्या कर्नलने का केला असेल? पैशासाठी नव्हे, कारण तो घरचा श्रीमंत होता. एका दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीत आपले नाव असावे, एवढाच हव्यास दिसतो. खरे शोध ज्याच्या पदरी होते त्याला खोट्यांची भूक का लागावी, याचे उत्तर पक्षिशास्त्राकडे नाही.

पण या शोधाचा एक प्रत्यक्ष उपयोग होता आणि तो बाईंनी लगेच ओळखला. खोटी चिठ्ठी गळाली म्हणजे नकाशावरून मांडवी पुसली गेली आणि १९१४ हे सालही गेले. उरल्या त्या फक्त खऱ्या जागा: फुलझर, खरियार, तळोदे, शहादे. आजवर कोणी केवळ या जागा धरून, नीट तयारी करून शोध केला होता काय? रासमुसेनबाईंनी उरलेले सर्व नमुने पाहिले, रानपिंगळा नेहमीच्या पिंगळ्याहून कोठे कोठे वेगळा दिसतो ते पाठ केले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या दोन पक्षिनिरीक्षकांसह त्या भारतात आल्या.

प्रथम ते पूर्वेकडे गेले. ब्लेविटच्या आणि बॉलच्या मुलखात त्यांना रानपिंगळा मिळाला नाही. ब्लेविटने जेथे तो मारला त्या मैदानातील रानाच्या जागी आता भातशेती होती. मग ते खानदेशात आले. शहाद्याच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशी सागाची विरळ झाडी अद्याप उभी होती. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, ऊन चांगले वर आले असताना, बेन किंग यांची नजर एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्याकडे गेली. तेथे एक लहान घुबड उघड्यावर, उन्हात बसले होते.

अशा क्षणी माणसाचा पहिला संशय स्वतःच्या डोळ्यांवर असतो. तिघांनी आपापल्या दुर्बिणी लावल्या. माथ्यावर ठिपके नव्हते. पोटाचा मध्यभाग पांढरा होता. पाय जाडजूड आणि पांढऱ्या पिसांचे होते. शेपटीवर रुंद गडद पट्टे होते. आता भीती एवढीच, की पुरावा मिळण्यापूर्वी तो उडून जाईल. तो गेला नाही. त्याने स्वस्थपणे चित्रफीत काढू दिली, छायाचित्रे घेऊ दिली. दुसऱ्या दिवशी त्याच टापूत आणखी एक दिसला. १८८४ ते १९९७, मध्ये एकशे तेरा वर्षे.

पुढे जे कळत गेले त्याने तर गंमत अधिकच वाढली. हा पक्षी लपून बसणारा नाहीच! इतर घुबडे दिवसा ढोलीत डोळे मिटून बसतात. हा सकाळी उंच, ओक्याबोक्या फांदीवर बसून ऊन खातो आणि दिवसाढवळ्या शिकार करतो. उत्तेजित झाला म्हणजे शेपटी झटक्याझटक्याने डावी-उजवीकडे हलवितो. त्याचे रान गर्द नसते. कोरडे, पानगळीचे, सागाचे, मध्ये मोकळ्या जागा असलेले रान त्याला लागते. सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे हे त्याचे अन्न. घरटे झाडाच्या ढोलीत. ते भक्कम पाय आणि मोठी नखे कशासाठी, हेही आता उमगले. स्वतःच्या मानाने जड अशी शिकार तो वरून झेपावून पकडतो. त्याचा स्वर तर सर्वांना अपरिचितच होता. नर मंजुळ अशी दुहेरी शीळ घालतो आणि ती नेहमीच्या पिंगळ्याच्या कलकलाटासारखी मुळीच नसते. रात्री कान देऊन घुबडे शोधणाऱ्याने ती ऐकली असती तरी हे घुबड आहे असे त्याला वाटलेच असते, याची खात्री नाही.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने लवकरच या पक्ष्याचा अभ्यास हाती घेतला. फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा नैऋत्य भाग हिंडून चार ठिकाणी मिळून पंचवीस रानपिंगळे नोंदविले. त्याच अभ्यासात एक कठोर गोष्टही दिसली: कधीकधी आईबाप आपलेच पिल्लू खाऊन टाकतात. माणसाला हे अमानुष वाटते. पण अन्नाचा तुटवडा असलेल्या रानात दुर्बळ पिल्लाचा असा शेवट शिकारी पक्ष्यांत इतरत्रही आढळतो, आणि त्यावरून कोणी रानपिंगळ्याच्या नीतीचे मोजमाप करू नये. पुढे मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात तो चांगल्या संख्येने सापडला, खंडवा-बुऱ्हाणपूरकडील जंगलांत सापडला. पुण्याच्या आणि मुंबईच्या तरुण अभ्यासकांनी त्याच्यामागे वर्षेच्या वर्षे घालविली. २०१८ साली त्याच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि ह्यूमने ज्याला ‘वेगळे घुबड’ म्हणून स्वतंत्र घराणे दिले तो वस्तुतः नेहमीच्या पिंगळ्याच्याच कुळातला ठरला. बिचारे ह्यूम साहेब! त्यांनी पाहिलेला फरक खरा होता, नाते मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जवळचे निघाले.

सापडला म्हणजे सुटला, असे नाही. जागतिक पातळीवरील यादीत तो पूर्वी अतिसंकटग्रस्त होता, २०१८ मध्ये तो संकटग्रस्त या एक पायरी खालच्या वर्गात आला; तरीही जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. ज्या शहाद्याच्या टापूत तो पुन्हा दिसला, तेथली झाडी शेतीखाली आणि कुऱ्हाडीखाली आटत गेली. जुन्या सागाला ढोली असतात. आणि नेमकी जुनी झाडेच आधी तोडली जातात. घुबडाची अंडी आणि हाडे मंत्रतंत्राच्या कामी येतात, ही समजूत अजून मेलेली नाही. शंभर वर्षे तो हरवला होता तो कागदावर. रानात तो सारा काळ होता. आता कागदावर तो आला आहे आणि रान कमी होत आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१५ साली गुजरातेतील डांग जिल्ह्याच्या पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. म्हणजे ज्या प्रांताचे नाव त्या खोट्या चिठ्ठीवर होते, त्या प्रांतात तो खरोखरच आहे! कर्नलचे समर्थक म्हणतील, पाहा, त्याचे बरोबरच होते. पण हे समर्थन टिकत नाही. चोरलेल्या घड्याळातही वेळ बरोबर दाखविली जाते, म्हणून घड्याळ चोराचे होत नाही. डांगातील पक्षी तेथे प्रत्यक्ष उभे राहून पाहणाऱ्यांमुळे आपल्याला कळला आहे. मांडवीच्या चिठ्ठीने त्यांना त्या वाटेवर नेले नव्हते.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात पक्षी पाहण्यास गेलेल्यांना झाडावर एक पिंगळा दिसला. माथ्यावर ठिपके नव्हते. सह्याद्रीच्या या भागात रानपिंगळा असेल असे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली ती १८८३ साली, डेव्हिडसन शहाद्याला शेवटचा रानपिंगळा मारण्याच्या एक वर्ष आधी. सोसायटीच्या कार्यालयापासून तानसा शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तेथल्या तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईकर पीत आले आहेत.